ऑक्टोबरच्या उन्हात हॅलोवीनची बिस्किटं: वटवाघूळ, काळी मांजर आणि रानपिंगळा

शुगर कुकीच्या बहुतेक पाककृती थंड हवेच्या देशात लिहिलेल्या असतात. ‘लोणी खोलीच्या तापमानाला येऊ द्या’ असं त्यात पहिल्याच ओळीत असतं. त्यांची खोली वीस-बावीस अंशांची असते. भुसावळच्या स्वयंपाकघरात ऑक्टोबरच्या दुपारी, गॅस पेटलेला असताना, लोणी खोलीच्या तापमानाला आणलं तर ते वाटीत ओतता येतं. बत्तीस ते पस्तीस अंशांच्या दरम्यान लोणी वितळतं आणि आपल्याकडे त्या महिन्यात दुपारचा पारा तिथेच घोटाळत असतो. मांजरीची शेपटी पसरून पायाला चिकटते, वटवाघळाचा पापड होतो, तो यामुळेच. म्हणून इथे दिलेली सगळी रीत पीठ गार ठेवण्याभोवती बांधलेली आहे.

हॅलोवीन ३१ ऑक्टोबरला असतो. आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या सॉविन या जुन्या सणातून तो आला, असं मानतात. घुबड, वटवाघूळ, काळी मांजर, कोळी ही त्याची ठरलेली जनावरं. आपल्याकडे मांजर आडवी गेली की चार पावलं मागे येणारे आहेतच, त्यामुळे मुलांना वेगळं काही समजावावं लागत नाही. तारीख दिवाळीच्या आगेमागे पडते. २०२४ मध्ये तर नरक चतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरलाच होती. फराळाच्या गडबडीत ओव्हन, फ्रीज आणि बेकरीची भट्टी तिन्हींवर ताण असतो, हे धरून चाला.

१. सामान आधी मोजून ठेवा

पुढचं प्रमाण सात-आठ सेंटिमीटरच्या साधारण तीस बिस्किटांचं आहे.

- मैदा ३५० ग्रॅम
- कॉर्नफ्लोअर ३० ग्रॅम
- विकतचं खारं बटर २०० ग्रॅम (शंभराच्या दोन वड्या)
- पिठीसाखर १६० ग्रॅम
- अंडं १, किंवा थंड दूध अडीच टेबलस्पून
- व्हॅनिला इसेन्स २ टीस्पून

बटर खारं असेल तर वेगळं मीठ नको. बेकिंग पावडर मुद्दाम दिलेली नाही. ती घातली की बिस्कीट फुगतं आणि कान, शेपटी, पंखांची टोकं गोल होतात. बिनअंड्याचं करत असाल तर कॉर्नफ्लोअरऐवजी तेवढीच व्हॅनिला कस्टर्ड पावडर घ्या. रंगही छान येतो.

घरच्या लोण्याचा मोह होतो, पण त्यात ताकाचं पाणी किती राहिलंय याचा भरवसा नसतो. पाणी जास्त झालं की बिस्कीट कडक होतं आणि वाकतं. तूप नानकटाईला उत्तम, इथे चालत नाही. तुपाचं पीठ लाटताना भेगाळतं आणि बारीक आकार हातात तुटतात.

मैदा वाटीने मोजू नका. दाबून भरलेली आणि सैल भरलेली वाटी यांत सहज वीस-पंचवीस ग्रॅमचा फरक पडतो आणि तीन वाट्यांत तो चांगलाच जाणवतो. डिजिटल वजनकाटा घ्या. दिवाळीच्या चिरोट्यांनाही तो उपयोगी पडेल.

कागदाची एक ठेच जवळजवळ प्रत्येक नवख्याला लागते. दुकानात ‘बटर पेपर’ म्हणून मिळणारा प्रत्येक कागद ओव्हनमध्ये चालत नाही. मेणाचा थर असलेला कागद धुरकटतो आणि बिस्किटाला चिकटतो. पाकिटावर किती अंशांपर्यंत चालतो ते छापलेलं असेल, तोच भाजायला घ्या. साधा कागद लाटायला आणि डब्यात थर लावायला ठेवा.

२. वेळापत्रक: दोन रात्री, दोन सकाळी

एका दुपारी सगळं उरकायचं ठरवलंत, तर काहीतरी बिघडणारच.

२९ तारखेला रात्री जेवणं झाल्यावर पीठ करून, लाटून फ्रीजमध्ये. ३० ला पहाटे साडेपाच-सहाला आकार कापून भाजायला घ्या. नऊच्या आत भट्टी बंद. त्याच सकाळी काळं आयसिंग कालवून झाकून ठेवा. ३० च्या रात्री रंग भरा, ३१ ला सकाळी डोळे, मिशा, रेघा. संध्याकाळी मुलं दारात येतात तोवर बिस्किटं खडखडीत वाळलेली असतील.

३. पीठ: तिंबायचं नाही

बटर फ्रीजमधून काढून पंधरा मिनिटं बाहेर ठेवा. बोट दाबलं की खळगा पडावा, पण बोटाला तुपकट चकाकी लागू नये. चकाकी आली तर परत पाच मिनिटं फ्रीजमध्ये.

बटर आणि पिठीसाखर लाकडी चमच्याने किंवा बीटरने दोन मिनिटं फेटा. केकसारखं हलकं, पांढरंशुभ्र होईपर्यंत फेटत बसू नका. त्यात हवा भरते, ती ओव्हनमध्ये फुगते आणि आकार बिघडतो. मग अंडं किंवा दूध आणि इसेन्स. शेवटी मैदा-कॉर्नफ्लोअर एकत्र चाळून दोन वेळा घाला.

इथे खानदेशी हाताला आवर घालावा लागतो. खापरावरच्या मांड्याचं पीठ आपण तासभर तिंबतो, आपटतो, ताणतो, कारण त्यात चिवटपणा हवा असतो. बिस्किटात तोच चिवटपणा नको. कोरडं पीठ दिसेनासं झालं, गोळा परातीच्या कडा सोडू लागला की हात काढून घ्या. जास्त मळलेलं बिस्कीट भाजताना आक्रसतं. वटवाघळाचा एक पंख आखूड का झाला म्हणून कटरला दोष देत बसतो आपण.

गोळा भुरभुरीत वाटला तर दूध चमच्याने नव्हे, थेंबांनी घाला. हाताला चिकटला तर लगेच मैदा वाढवू नका. वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवून पाहा. बहुतेक वेळा पीठ फक्त तापलेलं असतं.

४. आधी लाटा, मग गारठवा

नेहमीची रीत गोळा गार करून मग लाटायची. आपल्या हवेत ती उलटी करा. गार, दगडासारखा गोळा लाटायला दहा मिनिटं लागतात आणि तेवढ्यात तो मऊ पडतो.

पिठाचे दोन भाग करा. एकेक भाग दोन कागदांच्या मध्ये ठेवून लगेच लाटा. पोळपाट लहान पडतो, ओट्यावरच लाटा. जाडी सगळीकडे ६ मिलिमीटर हवी. सुताराकडे ६ मिलिमीटर प्लायचे तुकडे पडलेले असतात. त्याच्या दोन सरळ पट्ट्या कापून घ्या आणि कागदाच्या दोन्ही बाजूंना ठेवून त्यावरून लाटणं फिरवा. पट्ट्यांवर लाटणं टेकलं की जाडी आपोआप सारखी होते. एका कडेला चार आणि दुसऱ्या कडेला सात मिलिमीटर असेल, तर बारीक कड करपते आणि जाड भाग कच्चा राहतो.

लाटलेले थर कागदासकट ताटात ठेवून रात्रभर फ्रीजमध्ये. फ्रीजमध्ये लसणाची चटणी उघडी असेल तर झाका. बटर वास पटकन ओढून घेतं.

५. आकार कापताना

कटर ऑनलाइन मिळतात, केकचं सामान विकणाऱ्या दुकानांतही असतात. निवडताना सुंदर काय दिसतं यापेक्षा मोडणार काय नाही हे बघा. आठ बारीक पायांचा कोळी, ताठ शेपटीची मांजर हे कटर विकत घ्यायला छान. डब्यातून बाहेर येताना मात्र पाय आणि शेपट्या वेगळ्या निघतात. अंगाला शेपटी लपेटून बसलेली मांजर घ्या. कोणताही भाग बोटाच्या रुंदीपेक्षा बारीक नको.

कटर नसेल तर जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्यावर आकार काढून कापा, दोन्ही बाजूंना रुंद चिकटपट्टी लावा आणि पिठावर ठेवून पातळ सुरीने कडेकडेने कापा. सुरी ओढू नका, टोचत टोचत न्या.

वटवाघळाला पुठ्ठाही लागत नाही. नऊ सेंटिमीटर तोंडाच्या वाटीने गोल कापा आणि मधोमध सरळ चिरून दोन अर्धगोल करा. पाण्याच्या बाटलीचं झाकण घ्या, साधारण तीन सेंटिमीटरचं. अर्धगोलाच्या सरळ कडेवर झाकणाने शेजारी शेजारी तीन अर्धे घास काढा. मध्ये उरलेली टोकं म्हणजे पंखांची नखं. वरच्या गोल कडेच्या मध्यावर उरलेल्या पिठाचे दोन इवले त्रिकोण दुधाचं बोट लावून चिकटवा, कान झाले.

सुट्टा गोल हवा तिथे वाटी, दातेरी कड हवी तिथे करंजीचं कातणं. पाठ फुगवून केस पिंजारलेल्या मांजरीच्या पाठीवरून कातणं फिरवलं तर वेगळं काही करावंच लागत नाही.

कापलेले आकार ट्रेवर मांडून दहा-पंधरा मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा. घाईत सगळ्यांत आधी गाळली जाते ती ही पायरी. ओव्हनमध्ये कडा आधी शिजून घट्ट व्हायला हव्यात आणि लोणी नंतर वितळायला हवं; फ्रीझर तेवढा अवधी मिळवून देतो. कातरणाचं पीठ फार तर दोनदा परत लाटा. तिसऱ्यांदा ते चिवट होतं, त्याच्या साध्या गोल चकत्या भाजा, चहाबरोबर संपतात.

६. भाजणं

*ओटीजी (विजेवरचा घरगुती ओव्हन) असेल तर:* १७० अंश, वरचा-खालचा दोन्ही रॉड, पंखा बंद, पंधरा मिनिटं आधी तापवून. मधल्या कप्प्यात १२ ते १४ मिनिटं. सातव्या मिनिटाला ट्रे फिरवा, कारण घरगुती ओव्हनचा मागचा कोपरा बहुधा जास्त तापतो. एका ट्रेवर एकाच मापाची बिस्किटं. उंदीर आणि घुबड एकत्र ठेवलेत तर घुबड होईपर्यंत उंदीर जळेल. कडा जेमतेम सोनेरी आणि वरचा भाग फिकट असतानाच बाहेर काढा. तेव्हा ती मऊ लागतात, कच्ची वाटतात. सात मिनिटं ट्रेवरच राहू द्या, मग उलथन्याने जाळीवर.

ओटीजी इन्व्हर्टरवर चालत नाही, तो मोठ्या सॉकेटवरच लावा. मध्येच वीज गेली आणि आठ-नऊ मिनिटं झाली असतील, तर दार उघडू नका. आतल्या धगीवर पाच-सहा मिनिटांत बिस्किटं होऊन जातात. आधीच गेली तर ट्रे काढून सरळ फ्रीझरमध्ये.

*बेकरीच्या भट्टीत:* नानकटाई भाजून आणतो तशीच ही बिस्किटंही भाजून मिळतात. पण पावाची भट्टी या नाजूक आकारांना फार कडक असते. पावाचा घाणा निघाल्यावर, भट्टी उतरल्यावर घ्यायला सांगा आणि आधी दोनच बिस्किटं टाकून बघा. घरून ट्रे मांडून नेऊ नका, गाडीवरच पीठ मऊ पडतं. गोठलेले आकार कागदाचे थर घालून स्टीलच्या डब्यात, बर्फाच्या पिशवीबरोबर न्या आणि तिथे ट्रेवर मांडा. दिवाळीच्या गर्दीत ट्रेची अदलाबदल ठरलेली, नावाची चिठ्ठी कागदाखाली सारून ठेवा.

*कुकरमध्ये:* शिट्टी आणि रिंग काढा, तळाला मीठ पसरा, आत स्टँड. मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा, मग बारीक आचेवर १५ ते २० मिनिटं. एका वेळी चार-पाचच मावतात आणि रंग खालूनच येतो. तीस बिस्किटांना सकाळ जाईल, पण होतं.

पूर्ण गार झाल्याशिवाय सजावटीला हात लावू नका. कोमट बिस्किटातलं लोणी आयसिंगमध्ये झिरपतं आणि दुसऱ्या दिवशी पिवळसर तेलकट डाग उमटतात. ते नंतर पुसता येत नाहीत.

७. आयसिंग

आयसिंग शुगर ३०० ग्रॅम, मरँग पावडर (अंड्याच्या वाळवलेल्या पांढऱ्याची भुकटी) २ टेबलस्पून, पाणी ५० मिली. पाच मिनिटं फेटा. कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या बलकातही होतं. पण खाणारी लहान मुलं, आजी-आजोबा किंवा घरात कुणी गरोदर असेल, तर तो धोका कशाला घ्यायचा? बिनअंड्याच्या घरात काबुली चणे शिजवलेलं दाट पाणी ३ टेबलस्पून घ्या, लिंबाचे चार थेंब टाका आणि पांढरा फेस येईपर्यंत फेटून मग साखर घाला. चणे शिजवताना मीठ, सोडा काही नको. वाळल्यावर चण्याचा वास राहत नाही.

घरी मिक्सरवर काढलेली पिठीसाखर आयसिंगला चालवायची असेल, तर मलमलच्या फडक्यातून चाळा आणि २०० ग्रॅमला टेबलस्पूनभर कॉर्नफ्लोअर मिसळा. एक जरी कणी राहिली तरी कोनाच्या तोंडात नेमकी तीच अडकते.

आता दाटपणा. कडेची रेघ ओढायला श्रीखंडाइतकं घट्ट लागतं. आत भरायला आटीव बासुंदीइतकं सैल. सैल करताना पाणी थेंबाथेंबाने घाला आणि वाटीत सुरीने रेघ ओढून मोजा. दहा म्हणेपर्यंत रेघ मिटली तर बरोबर. पाच-सहालाच मिटली तर बिस्किटावरून ओघळेल. मिटलीच नाही तर वाळल्यावर खडबडीत दिसेल.

कोनाचं कौशल्य तुमच्या घरात आधीच असतं. ज्याला मेंदीचा कोन बांधता येतो त्याला महागडी नळी-पिशवी लागत नाही. खाद्यपदार्थांसाठीचं जाड प्लास्टिक घ्या, कोन वळा, अर्धाच भरा, मागून रबर लावा. रेघेच्या कोनाला टाचणीएवढं तोंड, भरायच्या कोनाला दोन मिलिमीटर. वापरात नसताना टोक ओल्या फडक्यावर टेकवून ठेवा. आपल्या कोरड्या हवेत पाच मिनिटांत तोंड बुजतं.

८. काळा रंग

सगळ्यांत जास्त फजिती इथे होते. पांढऱ्या आयसिंगमध्ये काळा रंग टाकत जावं तर आधी राखाडी, मग जांभळट, मग निळसर, आणि काळं होईपर्यंत चव कडू झालेली असते. सरळ मार्ग असा: ३०० ग्रॅमच्या आयसिंगमध्ये आधी दीड टेबलस्पून कोको चाळून घाला, गडद तपकिरी होऊ द्या, मग काळा जेल रंग थोडासा. ‘अजून थोडं हवं’ वाटेल तिथेच थांबा. झाकून आठ-दहा तास ठेवलं की रंग आपोआप गडद होतो, म्हणून तर तो सकाळी कालवायचा.

रंग जेलच घ्या. पाण्यासारखा रंग आयसिंग सैल करतो. पाकिटावर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी परवाना क्रमांक असायलाच हवा. भारतात खाद्यपदार्थांना आठच कृत्रिम रंग मान्य आहेत आणि त्यांत काळा नाही. बाटलीतला काळा हा त्यांच्या मिश्रणाचा असतो. सुट्ट्या पुडीतला पिवळाजर्द रंग तर अजिबात नको. नारिंगीसाठी पिवळ्यात लाल थेंबभर, पिवळ्याला हळदही चालते.

९. एकेक जनावर

*मांजर:* काळी कड, लगेच काळी भरणी, काडीने कोपऱ्यापर्यंत ढकला. रात्रभर वाळल्यावरच पिवळे डोळे. आधी केलेत तर काळा रंग पिवळ्यात उतरतो. मिशांना भाजलेल्या शेवयांचे दोन सेंटिमीटरचे तुकडे घ्या. नाकाजवळ आयसिंगचा टिपका द्या, तो अर्धवट सुकला की त्यात रोवा.

*कोळ्याचं जाळं:* हे ओल्यावर ओलं करायचं. गोल बिस्किटावर काळं भरा आणि लगेच पांढऱ्या कोनाने एकात एक चार वर्तुळं काढा. टूथपिकचं टोक मध्यावर टेकवून बाहेरच्या कडेपर्यंत अलगद ओढा, टोक पुसा, पुन्हा मध्यापासून ओढा. आठ रेघांत वर्तुळं वाकून जाळं होतं. मिनिटभर उशीर झाला तर साय धरते आणि ओढताना सुरकुत्या पडतात. म्हणून एका वेळी एकच बिस्कीट भरा. कोळी स्वतः एक मनुका आणि घट्ट आयसिंगचे आठ पाय.

*रानपिंगळा:* घुबड करायचंच तर आपलं करा. १८७३ मध्ये शास्त्रात नोंदला गेलेला हा पक्षी १८८४ नंतर शंभरहून अधिक वर्षं खात्रीने सापडलाच नव्हता. नोव्हेंबर १९९७ मध्ये अमेरिकी पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना तो शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी पुन्हा दिसला. खानदेशातल्या हॅलोवीनला यापेक्षा हक्काचं घुबड कुठलं मिळणार!

आकार सोपा: ठेंगणा, मोठ्या डोक्याचा लंबगोल. अंगाला नुसत्या कोकोचं राखट तपकिरी आयसिंग. छातीवर गडद तपकिरी रुंद पट्टा, पोटाचा खालचा भाग पांढरा, पायही पांढरे आणि पिसांनी भरलेले, म्हणून ते जाडसर काढा. पंखांवर पांढरे आडवे पट्टे. शेजारचे दोन रंग भरताना मध्ये अर्धा तास जाऊ द्या, नाहीतर एकमेकांत मिसळतात. डोळे पिवळे, मधोमध काळा टिपका. डोक्यावर मात्र पांढरे ठिपके देऊ नका. ठसठशीत ठिपके दिलेत की तो झाडाच्या ढोलीतला रोजचा पिंगळा झाला.

१०. वाळवणं आणि डबा

रंग भरल्यावर पहिला अर्धा तास टेबलफॅनच्या सौम्य वाऱ्यात ठेवा. वरची साय लवकर धरते, चकाकी टिकते आणि डोळ्यांसारख्या छोट्या भरण्या मध्येच खचत नाहीत. मग उघड्यावर आठ-दहा तास. परतीचा पाऊस रेंगाळला असेल तर वेळ दुप्पट धरा. फ्रीजमध्ये ठेवू नका. बाहेर काढल्यावर बिस्किटांना घाम फुटतो आणि काळा रंग पांढऱ्यात पसरतो.

रात्री मुंग्यांचं काय, हा प्रश्न कुठल्याच परदेशी पाककृतीत नसतो. टेबलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, टेबल भिंतीला टेकू देऊ नका, आणि टेबलफॅनची वायर टेबलावरून काढून घ्या. मुंग्या वायरवरून येतात.

वाळलेली बिस्किटं कागदाचे थर घालून पसरट डब्यात, तीन थरांहून जास्त नको. सजवलेली आठवडाभर, कोरी दहा-बारा दिवस चांगली राहतात. पुण्या-मुंबईला पाठवायची असतील तर रात्रीच्या गाडीने पाठवा आणि डब्यातली मोकळी जागा चुरगळलेल्या कागदाने भरा. अंड्याचा आणि बिनअंड्याचा डबा वेगळा ठेवून झाकणावर लिहा. बघून फरक ओळखू येत नाही.